मार्जिनचं नंतर बोलू, आधी स्टॉक कोणाच्या पैशाचा ते सांगा

सायकल ब्रँड आणि स्वतंत्र दुकानदार यांच्या नात्याबद्दल कुठेही बोलणं निघालं की दोन मिनिटांत गाडी टक्क्यांवर येऊन थांबते. अमुक ब्रँड ३५ टक्के देतो, तमुक आता ३० वर आलाय, ऑनलाइनवाले तर दुकानदाराला मधे घेतच नाहीत, आणि गिऱ्हाईक म्हणतं ३५ टक्के म्हणजे केवढे पैसे, एवढे कशाला लागतात ह्यांना. मी बराच काळ सायकल दुकानांचे हिशोब बघितलेत, खरेदीची बिलं, क्रेडिट नोटा म्हणजे ब्रँडने दुकानाच्या खात्यावर परत जमा केलेल्या पैशांचे कागद, सीझनच्या आधी दिलेल्या ऑर्डरी, वर्ष संपताना उरलेला माल, सगळं. आणि माझं मत आता पक्कं झालंय की टक्का हा ह्या सगळ्या प्रकरणातला त्यातल्या त्यात कमी महत्त्वाचा आकडा आहे. खरा प्रश्न एवढाच की दुकानात उभी असलेली सायकल कोणाच्या पैशावर उभी आहे, आणि उद्या तिची किंमत पडली तर ते नुकसान कोणाच्या खिशातून जाणार. ह्याचं उत्तर मिळालं की मार्जिन किती असावं हे त्यातूनच निघतं, उलटं होत नाही.

तरी टक्क्याचं आधी निस्तरून टाकते, कारण तिथेच गोंधळ फार आहे. सायकलची लिस्ट प्राइस १०० धरा. दुकानदाराला ती ६५ ला पडते, वरचे ३५ हे मार्जिन. आता हेच ३५ तुम्ही ६५ च्या तुलनेत मोजले तर जवळजवळ ५४ टक्के होतात, त्याला मार्कअप म्हणतात, आणि ब्रँडचा सेल्सचा माणूस बोलता बोलता कधी हा आकडा सांगतो कधी तो, त्यामुळे कुठला टक्का चाललाय हे पहिल्यांदा विचारून घ्यावं. पूर्ण सायकलवर बऱ्याच बाजारांत तिशीच्या मध्यावर मार्जिन असतं, थोडं खाली थोडं वर, आणि हेल्मेट, लाइट, टायर, ट्यूब असल्या सामानावर ४५ ते ५० पर्यंत जातं.

त्या ३५ मधून पहिल्यांदा वाहतूक जाते, मग कार्डाचं कमिशन, मग असेंब्ली. खोक्यातून आलेली सायकल म्हणजे तयार सायकल नव्हे, हँडल, पुढचं चाक, पेडल लावलं की झालं असं लोकांना वाटतं पण नीट काम करणारा मेकॅनिक चाकं न डगमगता सरळ फिरतात ना ते बघून नीट करतो, हेडसेट म्हणजे हँडल जिथे फिरतं तो सांधा बघतो, ब्रेक आणि गिअर पहिल्यापासून सेट करतो, प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने तपासतो, ह्यात तासभर तर जातोच, हायड्रॉलिक ब्रेकची नळी आतून न्यायची असली तर त्याच्या दुप्पट तिप्पट. शिवाय गिऱ्हाइकाला साइज समजावणं, दोन तीन सायकली चालवून बघू देणं, घेतल्यावर महिनाभराने केबल ताणल्या की पहिली सर्व्हिस बऱ्याच ठिकाणी फुकट. मग भाडं, पगार, विमा, व्याज. हे सगळं वजा केल्यावर चांगल्या चाललेल्या दुकानाच्याही हातात शेवटी एक आकडी टक्का राहतो, तोही चांगल्या वर्षी.

म्हणूनच "जरा दहा टक्के कमी करा की" हे वाक्य ऐकायला साधं आहे पण हिशोबात फार महाग पडतं. १०० ची सायकल ९० ला दिली तर दुकानदाराचे ३५ चे २५ होतात. म्हणजे किंमत दहा टक्के उतरली आणि त्याचा ढोबळ नफा साडेअठ्ठावीस टक्के उतरला, तेवढाच पैसा परत कमवायला त्याला ४० टक्के जास्त सायकली विकाव्या लागतील. वीस टक्के सूट दिली तर हातात १५, आणि मग पहिल्याच्या दुपटीहून जास्त सायकली, सव्वादोन पटीच्याही वर. त्या जास्तीच्या सायकली जोडायला मेकॅनिक तोच, दिवसाचे तास तेवढेच.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. मार्जिन हे एका विक्रीवरचं असतं, पण दुकान एका विक्रीवर चालत नाही, वर्षात तोच पैसा किती वेळा फिरतो ह्यावर चालतं. एक ब्रँड ३५ देतो पण माल सीझनच्या आधी एकदम उचलायला लावतो, त्यामुळे सायकल सरासरी सहा महिने दुकानात उभी राहते, म्हणजे खरेदीत घातलेले ६५ एका वर्षात दोनदा फिरले आणि ७० मिळाले. दुसरा ब्रँड फक्त ३० देतो, म्हणजे खरेदी ७० ला, पण त्याच्या गोदामात माल असतो आणि एक सायकल मागितली तर दोन तीन दिवसांत एक सायकल येते, तर दुकानदार कमी माल ठेवून तोच पैसा वर्षातून सहा वेळा फिरवू शकतो, ७० वर १८०. कागदावर पहिला ब्रँड उदार दिसतो. गल्ल्यात दुसरा. दुकान घालणारा माणूस डीलरशिपचा कागद बघताना पहिल्या पानावरचा टक्का बघतो आणि डिलिव्हरीचं पान उलटतो, मी असं होताना खूपदा पाहिलंय आणि प्रत्येक वेळी सांगितलंय की ते डिलिव्हरीचं पान आधी वाचा.

सीझनआधीची ऑर्डर म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ब्रँडला कारखान्यात उत्पादनाची ऑर्डर कित्येक महिने आधी द्यावी लागते, फ्रेम एकीकडे बनते, गिअर ब्रेक दुसरीकडून येतात, बोटीने माल यायला आठवडे लागतात. ही अनिश्चितता ब्रँडला एकट्याला घ्यायची नसते म्हणून तो दुकानदाराला म्हणतो, तू आत्ताच सांग वर्षभरात किती घेणार, जास्त सांगितलंस तर जास्त मार्जिनच्या पायरीवर बसवतो, वाहतूक फुकट, पैसे तीन चार महिन्यांनी दिलेस तरी चालेल. ऐकायला छान आहे. पण ह्याचा अर्थ असा की हवामान कसं असेल, लोकांना कुठला रंग आवडेल, मधल्या साइज संपून फक्त एकदम लहान आणि एकदम मोठ्या उरतील का, हा सगळा अंदाज आता दुकानदाराच्या नावावर गेला. उधारीची मुदत संपते त्या दिवशी सायकल विकली असो नसो, पैसे द्यायचे. आणि वरच्या पायरीवर टिकायचं म्हणून वर्षाच्या शेवटी नको असलेला माल उचलणारे दुकानदार मी बघितलेत, दोन टक्के मार्जिन वाचवायला, ज्याच्यावर पुढे पंधरा टक्के सूट देऊन तो काढावा लागला.

बरेच ब्रँड ह्याच्याबरोबर आणखी एक अट घालतात, दुकानातल्या जागेचा किंवा एकूण सायकलींचा अमुक हिस्सा आमचाच पाहिजे. टक्का वाढतो, पण दुकान हळूहळू एकाच ब्रँडवर टेकतं. मग पुढच्या वर्षी त्या ब्रँडने अटी बदलल्या तर नाही म्हणायची ताकद कुठून आणणार.

२०२० ते २०२४ ह्या काळात ही पद्धत किती एकतर्फी आहे ते सगळ्या जगाने पाहिलं. साथ आली, लोक एकदम सायकलीकडे वळले, २०२० च्या मध्यापर्यंत दुकानं रिकामी झाली. पार्ट्सची वाट बघायचे महिने वाढत गेले, काही पार्ट्सना वर्षाहून जास्त सांगत होते. मग दुकानदारांनी काय केलं, दहा हव्या होत्या तिथे वीस मागितल्या, वीसमधल्या दहा तरी येतील ह्या हिशोबाने. ब्रँडने हाच आकडा खरी मागणी धरला, त्याच्यावर आपली थोडी भर घालून कारखान्याला सांगितला, कारखान्याने पार्ट्सवाल्याला. पुरवठा साखळीत टोकाची लहानशी हालचाल मागे जाता जाता मोठी होत जाते, त्याचं ह्याच्याइतकं स्वच्छ उदाहरण मी दुसरं बघितलं नाही. २०२२ मध्ये सगळा माल एकदम येऊन पडला, तोपर्यंत ज्यांना सायकल घ्यायची होती त्यांनी घेतलेली, आणि २०२३ आणि २०२४ ही दोन्ही वर्षं सेलची गेली. ब्रिटनमधले विगल आणि चेन रिअॅक्शन, जे २०१६ मध्ये एकत्र झालेले आणि ऑनलाइन सायकल विक्रीतले सगळ्यात मोठ्या नावांपैकी होते, ते २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेले. कोना ह्या ब्रँडने त्याच वर्षाच्या शेवटी एकावर एक सायकल फुकट असा सेल लावला, थेट गिऱ्हाइकाला. ह्या ब्रँडच्या सायकली पूर्ण किमतीला घेऊन बसलेल्या दुकानदाराच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पुढच्या वर्षी कोनाच्या मूळ संस्थापकांनी कंपनी परत विकत घेतली ही चांगली गोष्ट झाली, पण तो माल ज्याच्या दुकानात पडून होता त्याचं नुकसान झालं ते झालंच.

ह्यावर एक साधा उपाय आहे आणि तो काही मी शोधलेला नाही, इतर अनेक धंद्यांत वर्षानुवर्षं चालतो. ब्रँडने किंमत उतरवली तर दुकानात न विकलेला जेवढा माल आहे त्याच्या जुन्या आणि नव्या खरेदी किमतीतला फरक दुकानदाराच्या खात्यावर जमा करायचा. किंमत संरक्षण. काही सायकल ब्रँड देतात, पण अटी बारीक असतात, अमुक दिवसांच्या आत उचललेल्या मालावरच, किंवा फरक पैशात न देता पुढच्या ऑर्डरीतून वळता, म्हणजे नुकसान भरून हवं असेल तर आणखी माल घ्या. एका दुकानाचे हिशोब माझ्याकडे असताना त्यांच्या ब्रँडने एका संध्याकाळी वेबसाइटवर किंमत उतरवली आणि दुकानाला ईमेल दुसऱ्या दिवशी आलं. त्या रात्रीत दुकानातल्या त्या मॉडेलच्या प्रत्येक सायकलीचं मार्जिन निम्म्यावर आलेलं होतं, दुकानातल्या कोणीही काहीही न करता, आणि सकाळी दार उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक मोबाइलवर ती किंमत दाखवत उभं होतं. मालकाने त्याला त्या किमतीत सायकल दिली, कारण नाही दिली तर तो माणूस कायमचा जातो. ती क्रेडिट नोट मिळवायला आम्ही पुढे किती ईमेल लिहिले ते आठवलं की मला अजूनही राग येतो.

आता थोडं मागे जाते, कारण ह्या प्रश्नावर सायकलच्याच एका खटल्यात फार महत्त्वाचं काहीतरी बोललं गेलंय आणि सायकलच्या धंद्यातल्या लोकांनाही ते फारसं माहीत नसतं. श्विन ही शिकागोची कंपनी, १८९५ पासूनची, १९५१ मध्ये अमेरिकेतली सगळ्यात मोठी सायकल कंपनी, बाजारातला साडेबावीस टक्के हिस्सा. दहा वर्षांत तो पावणेतेराच्या आसपास आला कारण दुसऱ्या कंपन्या मोठमोठ्या साखळी स्टोअरना स्वस्त सायकली बनवून देत होत्या. श्विनने उलट वाट धरली, सायकल फक्त निवडलेल्या दुकानदारांकडेच मिळेल, जो नीट जोडून देईल आणि दुरुस्त करेल. विक्रीची त्यांची एक खास पद्धत होती, ऑर्डर वितरक घ्यायचा पण माल श्विन थेट दुकानाला पाठवायची, बिल श्विनचं, उधारी श्विनची, आणि वितरकाला कमिशन. आज ब्रँड ऑनलाइन विक्रीत दुकानदाराला जे देऊ करतात त्याचाच हा जुना अवतार म्हणायला हरकत नाही. वितरकाने कोणत्या भागात आणि कोणाला विकायचं ह्यावर कंपनीने बंधनं घातली म्हणून सरकारने खटला भरला, आणि १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक रेघ आखली. जो माल कंपनीने विकून टाकला, ज्याची मालकी आणि धोका दुसऱ्याकडे गेला, त्याच्यावर नंतर अशी बंधनं घालायची नाहीत. पण मालकी आणि धोका कंपनीकडेच राहिला असेल आणि समोरचा एजंटसारखाच असेल, तर बंधनं वाजवी आहेत का ते परिस्थिती बघून ठरवू.

दहा वर्षांनी, १९७७ मध्ये, टीव्ही बनवणाऱ्या सिल्व्हेनिया कंपनीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने हा नियम मोडीत काढला, कारण अशा बंधनांमुळे कधीकधी ब्रँडब्रँडमधली स्पर्धा वाढते हे त्यांना पटलं. कायदा म्हणून तो निर्णय आज उभा नाही. पण मला ती रेघ व्यवहार म्हणून अजूनही बरोबर वाटते. धोका ज्याचा, हुकूम त्याचा. तुम्हाला किंमत ठरवायची आहे, कधी सेल लावायचा ते ठरवायचंय, दुकानात काय कुठे ठेवायचं ते ठरवायचंय, तर माल तुमच्या नावावर ठेवा. माल आमच्या नावावर टाकलात तर आमच्या गल्ल्यावर तुमचा हात नको. युरोपच्या स्पर्धा कायद्यात हाच विचार अजून जिवंत आहे, दुकानदाराने गिऱ्हाइकाला किमान किती किमतीला विकावं हे ब्रँडने ठरवून देणं तिथे गंभीर उल्लंघन धरतात, पण खरा एजंट, म्हणजे ज्याच्यावर मालाचा आर्थिक धोका नाहीच, त्याच्या बाबतीत किंमत मालकाने ठरवली तर चालतं.

अमेरिकेत चित्र वेगळं आहे. तिथे १९११ च्या एका निकालाने किमान विक्री किंमत बांधून देणं सरसकट बेकायदा ठरलं होतं, २००७ मध्ये लीजिन ह्या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी ते बदललं आणि आता प्रत्येक प्रकरण तपासून ठरवतात. व्यवहारात मात्र सायकल ब्रँड जाहिरातीतली किमान किंमत बांधतात, वेबसाइटवर ह्याच्या खालचा आकडा दाखवायचा नाही, दुकानात काय द्यायचं ते तुम्ही बघा. लहान दुकानांना ह्याचा खरोखर फायदा होतो, नाहीतर कुठलं तरी गोदाम सायकल न जोडता, भाडं न भरता, ५ टक्के मार्जिनवर विकून सगळ्यांचा भाव पाडतं. माझी तक्रार एवढीच की हा नियम मोडणाऱ्या लहान दुकानाचा पुरवठा लगेच थांबतो, आणि मोठ्या ऑनलाइन विक्रेत्याने मोडला की चर्चा सुरू राहते. आणि ब्रँड स्वतः स्वतःच्या वेबसाइटवर हा नियम पाळेल असं कुठेही लिहिलेलं नसतं.

ऑनलाइनचं आता बोलावंच लागेल. कॅन्यन, जर्मनीतल्या कोब्लेन्झची कंपनी, दुकानदार मधे न घेता थेट विकते, २०१७ मध्ये ती अमेरिकेत उतरली आणि तिथल्या ब्रँडना घाम फुटला. पण थेट विक्री म्हणजे दुकानदाराचे ३५ टक्के गिऱ्हाइकाच्या खिशात, हा समज चुकीचा आहे. खोक्याची वाहतूक, परत आलेल्या सायकली, फोनवर बसलेली माणसं, गोदाम, जाहिरात, हा सगळा खर्च कंपनीवर येतो, त्यातलं वाचेल तेवढंच किमतीतून उतरतं. दुकानदार असलेल्या ब्रँडनी मधला मार्ग काढला. ट्रेकने २०१५ मध्ये अमेरिकेत ऑनलाइन ऑर्डर घेऊन सायकल दुकानातून द्यायची पद्धत आणली, दुकानदाराला त्याचं कमिशन. स्पेशलाइज्डने २०२२ मध्ये घरपोच डिलिव्हरीही सुरू केली.

ह्या कमिशनवर दुकानदार फार चिडतात, नेहमीच्या मार्जिनपेक्षा कमी आहे म्हणून. इथे मी दुकानदारांच्या बाजूने असूनही वेगळं म्हणते. ज्या सायकलीत तुमचा पैसा एक दिवसही अडकला नाही, जी विकली नाही तर तुमचं काही जात नाही, तिच्यावर पूर्ण मार्जिन मिळावं असा आग्रह धरू नका, तिच्यावर २० मिळाले तरी ते २० जवळजवळ शून्य भांडवलावरचे आहेत. भांडायचंच असेल तर बाकीच्या गोष्टींवर भांडा. ऑनलाइन घेतलेली सायकल परत आली तर ती कोणाच्या दुकानात राहणार आणि कमिशन परत द्यायचं का. असेंब्लीचे पैसे कमिशनच्या आत धरलेत की वेगळे. गिऱ्हाईक दोनदा तुमच्या दुकानात येऊन सायकल चालवून गेलं आणि रात्री घरी बसून ब्रँडच्या साइटवरून घरपोच मागवली, तर तुमच्या भागातली विक्री म्हणून तुम्हाला काही मिळणार का. ह्या शेवटच्याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते, कारण सायकल विकण्यातलं खरं काम तिथे झालं, साइज ठरवण्याचं आणि मन वळवण्याचं, आणि जिथे काम झालं तिथे पैसा गेला नाही तर ते काम करणारी जागाच उरणार नाही.

जागा उरली नाही तर काय होतं ते व्हॅनमूफने दाखवलं. नेदरलँड्सची ई-बाइक कंपनी, विक्री थेट, बरेचसे पार्ट स्वतःच्याच डिझाइनचे, दुरुस्ती मुख्यतः स्वतःच्या केंद्रांत. २०२३ च्या जुलैमध्ये दिवाळखोर झाली आणि लोकांच्या हातात महागड्या सायकली उरल्या ज्यांचे पार्ट बाहेर कुठे मिळत नव्हते. नव्या मालकाने कंपनी घेतल्यावर पहिल्यांदा काय केलं असेल तर स्वतंत्र दुकानं आणि वर्कशॉप जोडायला सुरुवात केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शिमानो ह्या पार्ट बनवणाऱ्या जपानी कंपनीने २०१२ ते २०१९ मधल्या काही क्रँकसेटसाठी, म्हणजे पेडल ज्या दांड्यांना लागतात त्या भागासाठी, तपासणी जाहीर केली, चिकटवलेले भाग सुटण्याचा धोका होता, एकट्या अमेरिका आणि कॅनडात साडेसात लाखांहून जास्त क्रँक. हे क्रँक कोणी तपासले, दुकानांनी. काढून, पुसून, चिकटवलेल्या जागेवर बारीक नजर टाकून, एकेक करून. वॉरंटी आणि रिकॉलचं काम करणारा माणूस ब्रँडचा नसतो, दुकानाचा असतो, आणि त्याच्या तासाचे पैसे दुकानाच्या नेहमीच्या सर्व्हिस दराने मिळावेत ही मागणी मला इतकी साधी वाटते की ती करावी लागते हेच खटकतं. बऱ्याच डीलर करारांत पार्ट फुकट आणि मजुरीला एक ठराविक रक्कम असते, कुठे तीही नसते.

पार्ट्सचं दुखणं वेगळं. गिअर ब्रेकचा सेट सायकल बनवणाऱ्या कारखान्याला जेवढ्याला मिळतो आणि दुकानाला सुटा जेवढ्याला मिळतो त्यात खूप अंतर असतं, मोठ्या ऑर्डरीचा भाव वेगळा असणार हे कळतं. पण कारखान्यांतला जास्तीचा माल फिरत फिरत ऑनलाइन विक्रेत्यांकडे पोचतो आणि मग गिऱ्हाईक दुकानदाराच्या खरेदी किमतीपेक्षा स्वस्तात तोच पार्ट विकत घेऊन, तो बसवायला दुकानात येतं. कित्येक दुकानदार अशा गिऱ्हाइकाला तोडून बोलतात. बोलू नये. बसवायचे पूर्ण पैसे घ्यावेत, कारण त्या कामात दुकानाचा माल अडकलेला नाही आणि मिळणारं सगळं कौशल्याचं आहे.

ब्रँडनी दुकानंच विकत घ्यायला सुरुवात केलीय त्याबद्दल थोडक्यात. ट्रेकने बरीच घेतली, स्पेशलाइज्डने २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातली माइक्स बाइक्स ही साखळी घेतली. वयस्कर मालकाला दुकान विकून निवृत्त होता येतं ही त्यातली बरी बाजू. पण ब्रँड एकाच वेळी तुमचा पुरवठादार, तुमचा सावकार आणि समोरच्या चौकातला स्पर्धक असेल, वर तुमची रोजची विक्री त्याच्या सिस्टिममध्ये दिसत असेल, तर कमी पडलेली साइज आधी कुठल्या दुकानात जाईल हे सांगायला नको. दुकानाच्या विक्रीची माहिती ही दुकानाची मालमत्ता आहे आणि ती फुकट देऊ नये.

ब्रँडच्या बाजूने बघितलं तरी दुकान टिकलं पाहिजे हेच मला पटतं. श्विनचं नाव मोठं केलं ते हजारो दुकानदारांनी, पण १९९२ मध्ये कंपनी बुडाली, २००१ मध्ये पुन्हा, तेव्हा पॅसिफिक सायकलने नाव विकत घेतलं आणि ते मोठ्या साखळी स्टोअरमध्ये गेलं. दुकानदारांच्या हातात काही राहिलं नाही. पण श्विन जी सायकल होती, नीट जोडलेली, मागे माणूस उभा असलेली, तीही राहिली नाही.

मला विचाराल तर वाटणीचे दोन ढीग करावेत. महागड्या आणि हळू विकल्या जाणाऱ्या सायकली ब्रँडच्या मालकीच्या ठेवाव्यात, दुकानात फक्त प्रदर्शनाला आणि टेस्ट राइडला, विकली की कमिशन, किंमत ब्रँडने ठरवावी, सेल लावायचा तेव्हा लावावा, नुकसान त्याचं. रोज खपणाऱ्या सायकली आणि सामान दुकानदाराने विकत घ्यावं, पूर्ण मार्जिनवर, आणि त्याच्या किमतीत ब्रँडने ढवळाढवळ करू नये, केलीच तर फरक पैशात द्यावा, तीस दिवसांत. असेंब्ली, फिटिंग, वॉरंटीची मजुरी हे दोन्हीच्या बाहेर, वेगळ्या दराने. ब्रँड म्हणतील की मालकी ठेवायची तर आमचं भांडवल अडकतं. हो, अडकतं. आज तेच भांडवल ज्याला कर्ज सगळ्यात महाग मिळतं अशा माणसाचं अडकवून ठेवलंय. मोठ्या कंपनीला बँक ज्या व्याजाने पैसे देते त्या व्याजाने कोपऱ्यावरच्या दुकानाला कधीच देत नाही, त्यामुळे माल जिथे व्याज कमी तिथे उभा राहिला तर एकूण साखळीचाच खर्च उतरतो, आणि अंदाज चुकला तर तो ज्याने चुकवला त्याला लगेच कळतो.

सीझनच्या ऑर्डरीचा फॉर्म समोर येईल तेव्हा एवढं करा. मागच्या वर्षी ज्या साइज उरल्या त्यांचा कागद आधी टेबलावर ठेवा. किंमत उतरली तर फरक कसा आणि किती दिवसांत, हे फोनवर ऐकू नका, फॉर्मवर लिहून घ्या. ऑर्डरीतला किती भाग सीझन सुरू झाल्यावर रद्द करता येतो ते विचारा, आणि पायरी एक खाली घेतली तर वर्षाचं नेमकं किती नुकसान होतं ते व्याज धरून मोजून बघा, बऱ्याचदा ते अडकणाऱ्या पैशावरच्या व्याजापेक्षा कमी निघतं. आणि ब्रँडच्या माणसाला विचारा की तुमच्या गोदामात ह्या मॉडेलच्या किती सायकली आत्ता पडून आहेत. त्याच्या लॅपटॉपवर तो आकडा असतो.